अक्कांचं शटर

इरा आणि ओम,

परवा तुमच्या बाबाने व्हिडिओ पाठवला. नव्या घराबरोबर गॅरेजचा रिमोट मिळाला नाही, म्हणून त्याने कुठल्याही मोटरला चालणारा एक रिमोट विकत आणला आणि इरा, तू शिडीवर चढून तो मोटरला शिकवलास. छान केलंस. पण त्याच व्हिडिओत दार खाली येत असताना ओम हसत हसत त्याच्या खालून आत पळतो. त्यानंतर मी तो व्हिडिओ पुन्हा लावला नाही. मध्ये कोणी आलं तर दार आपोआप थांबतं, असं बाबा म्हणाला. थांबत असेल. फोनवर मी काही बोलले नाही, कारण मी बोलले की ‘आजी घाबरली’ एवढंच तुमच्यापर्यंत पोहोचतं. म्हणून लिहिते आहे. सुरतेच्या या घरातही तसलंच एक दार आहे, आणि त्या दाराशी जिचं नाव जोडलेलं आहे ती बाई तुम्हाला नीट माहीत नाही. इराला अक्काआजी थोड्या आठवत असतील. ओम, तू तेव्हा पाळण्यात होतास.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची मोठी बहीण, माझी नणंद. त्या कुठल्याही खोलीत गेल्या की आधी दार कुठे आहे ते पाहायच्या आणि दाराकडे तोंड करूनच बसायच्या. लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरांकडे, नाटकालासुद्धा. नाटकाला दाराकडे तोंड करून बसता येत नाही, म्हणून त्या कडेची खुर्ची घ्यायच्या आणि अर्धं नाटक मान वळवून बघायच्या. त्या घाबरट होत्या. हे मी त्यांच्या पाठीमागे म्हणत नाही, त्या स्वतःच सांगायच्या. “मी घाबरते. घाबरणं हे पण एक काम आहे सुधा. करायचं तर नीट करावं.”

त्या बँकेत हेड कॅशियर होत्या. जळगावहून बदली होऊन सुरतेला आल्या आणि आमच्याबरोबर राहून इथल्याच झाल्या. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बँकेतल्या तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या असतात. एक एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. एका माणसाच्या हातात दोन्ही किल्ल्या कधीही द्यायच्या नाहीत, मग तो माणूस देव का असेना. अक्कांच्या आयुष्यात एवढा एकच धर्म होता. एकदा त्यांना सणसणून ताप होता, तरी रिक्षाने बँकेत गेल्या, किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हातात सही घेऊन दिली आणि मगच परत येऊन अंथरुणावर पडल्या. आजोबा चिडले होते. म्हणाले, “अगं, मी नेऊन दिली असती.” अक्का म्हणाल्या, “तू कोण? तू माझा भाऊ. बँकेचा कोण?”

पाण्याला तर त्या फारच घाबरायच्या. तापीच्या पुलावरून रिक्षा जायला लागली की डोळे मिटून घ्यायच्या आणि पूल संपला का, असं विचारत राहायच्या. तापीचे पूर पाहिलेल्या सुरतेतल्या जुन्या माणसांना पाण्याची भीती का वाटते, हे सांगावं लागत नाही. आमच्या सोसायटीच्या मागूनच खाडी जाते. घर घेताना अक्का एवढंच म्हणाल्या होत्या, “भाऊ, खाडी मागे असली तरी तिला पुढे यायला वेळ लागत नाही.”

घर आधी पलसाण्याच्या एका डाइंग मिलवाल्याचं होतं. त्याला परदेशी वस्तूंची हौस. त्याने गॅरेजला ते वर सरकत जाऊन छताला आडवं चिकटणारं विजेवरचं दार बसवलं होतं. आपण सगळे त्याला शटरच म्हणतो. मोटर छताला टांगलेली. गॅरेज रस्त्यापेक्षा खाली, उतारावर. गॅरेजमधून घरात यायला एक छोटं आतलं दार. रोजची पद्धत अशी होती की गाडी आत लावायची, बाहेर यायचं, रिमोटने शटर पाडायचं आणि पुढच्या दाराने घरात शिरायचं. आतलं दार फारसं कुणी वापरत नसे.

तुमचे आजोबा गेले तेव्हा दवाखान्याच्या धावपळीत शटरचा रिमोट कुठेतरी हरवला. माझ्या ते लक्षातही नव्हतं. अक्कांच्या होतं. तेराव्यानंतर पाहुणे गेले, घरात आम्ही दोघीच उरलो, आणि त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, “सुधा, तो रिमोट कोणाकडे तरी आहे.”

मी म्हटलं, “हरवलाय, अक्का.”

“हरवलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती कोणाकडे तरी असते.”

त्या वाक्याने मी पहिल्यांदा घाबरले. तोपर्यंत मला फक्त दुःख होतं. घरात दोन म्हाताऱ्या बायका आणि शटर उघडायचं बटण कुणाच्या तरी खिशात, हे एकदा मनात आल्यावर जाईना. खाली काही खुट्ट झालं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

मग आम्ही रिमोट आणायला निघालो. गेटच्या मोटरी, कॅमेरे, बेल असलं सामान विकणारं एक दुकान होतं. दुकानदार भला माणूस होता, सुरती, तोंडात मावा. म्हणाला, “बा, आ तो सहेलुं छे. जूनो रिमोट लावो, हमणां कोपी करी आपुं.” म्हणजे सोपं आहे, जुना घेऊन या, आत्ता कॉपी करून देतो. आणि जुना हरवलाय हे ऐकायच्या आधीच त्याने कॉपी कशी होते ते करून दाखवलं. स्वतःच्या दुकानाच्या शटरचा रिमोट एका नव्या रिमोटजवळ धरला, दोन्हींची बटणं दाबली, दिवा लुकलुकला, आणि नव्या रिमोटने दुकानाचं शटर करकरत खाली यायला लागलं. तो खूश झाला. अक्कांचा चेहरा उतरला.

“म्हणजे हे कोणाचंही होतं?”

“कोई पण, बा.”

“माझ्या शेजारी उभं राहून, मी बटण दाबत असताना, कुणी केलं तर?”

तो हसला. “एटलुं बधुं कोण करे, बा?”

“ज्याला करायचंय तो,” अक्का म्हणाल्या. “ज्याची नक्कल निघते ते कुलूप नव्हे. दुसरं दाखवा.”

दुसरं होतं. दर वेळी बटण दाबलं की नवा नंबर पाठवणारा रिमोट. आज ऐकलेला नंबर उद्या चालत नाही, त्यामुळे त्याची अशी नक्कल निघत नाही. पण तो सगळ्या मोटरींना लागत नाही. दुकानदार म्हणाला, मोटरचा फोटो आणा, तिच्यावर शिकवायचं बटण असतं, त्याचा रंग बघून मी सांगतो. आम्ही घरी आलो, फोटो काढला, पुन्हा गेलो. मोटर जुनी असली तरी चांगली निघाली. तिला नव्या नंबरचा रिमोट चालत होता. अक्कांनी एकाऐवजी दोन घ्यायचे का, यावर बराच विचार केला आणि एकच घेतला. “दोन असले की एक हरवतो,” म्हणाल्या.

रिमोट मोटरला शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण सोबतचं पत्रक इंग्रजीत होतं. अक्का इंग्रजी वाचायच्या, पण बारीक अक्षरातल्या इंग्रजीवर त्यांचा विश्वास नव्हता. मी स्टुलावर चढले. अक्कांनी स्टूल धरलं.

“पडलीस तर मी धरणार नाही हं. मी पण पडेन.”

“मग स्टूल कशाला धरलंय?”

“साक्षीदार म्हणून.”

पत्रकात लिहिलं होतं की मोटरवरचं बटण दाबून सोडायचं, दिवा लागला की लगेच रिमोटचं बटण दाबायचं, दिवा लुकलुकला की झालं. मी बटणाला हात लावणार तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “थांब. आधी जुने रद्द कर.” पत्रकाच्या मागच्या बाजूला तेही होतं. बटण तसंच दाबून धरलं की दिवा विझतो आणि मोटर आतापर्यंत शिकलेले सगळे रिमोट विसरते. मी धरून ठेवलं. दिवा विझला. अक्कांनी सुस्कारा सोडला, जसा कुणी चोराला बेड्या पडताना पाहून सोडेल. मग नवा शिकवला. शटर वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही गोड शिरा केला.

इथे गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण घाबरणारं माणूस एका कुलपावर थांबत नाही. मोटरला एक दांडी असते आणि तिला दोरी लोंबत असते. वीज गेली की ती दोरी ओढायची, म्हणजे मोटर सुटते आणि शटर हाताने उचलता येतं. अक्कांना कुणीतरी सांगितलं की चोर शटरच्या फटीतून तार घालून ती दोरी ओढतात. झालं. त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून दोरी काढून टाकली आणि दांडी तारेने आवळून घेतली. मग आतल्या दाराकडे वळल्या. उंदीर आणि पाणी येऊ नये म्हणून त्याच्या खाली रबराची पट्टी होतीच. आता घराच्या बाजूने दोन कड्या बसवल्या आणि दोन्हींना जाडजूड कुलपं लावली. एका कुलपाची किल्ली त्यांच्याकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. गॅरेजमधून शिरलेल्या माणसाला दोन कुलपं लागतील, आणि आमच्यापैकी एकीला धमकावून कुणी एकच किल्ली घेतली तरी दार उघडणार नाही. मला ते पटलं होतं. खरं सांगते, त्या व्यवस्थेने मला झोप लागायला लागली. माझी किल्ली मी पर्समध्ये ठेवायची.

मग तो पाऊस आला. सकाळपासून कोसळत होता. दुपारी मी औषधं आणायला गाडी घेऊन गेले होते. परत येताना कडोदऱ्याच्या बाजूने येणारा रस्ता बंद झाल्याचं ऐकू आलं, आणि सोसायटीत शिरले तेव्हा फाटकापाशी पाणी होतं. खाडी पुढे आली होती. मी रिमोट दाबला, गाडी उतारावरून आत घातली, मागे पाणी येताना दिसलं, आणि विचार न करता आतूनच बटण दाबलं. शटर खाली आलं. पाणी बाहेर राहिलं, बरं झालं, असं मी मनात म्हणते आहे तोच दिवा गेला. पाणी चढलं की वीज कंपनी भागाची वीज तोडते, ते बरोबरच आहे. मी रिमोट दाबला. पुन्हा दाबला. काळोखात गाडीत बसून मी ते बटण दाबतच राहिले.

आतल्या दारापाशी गेले आणि हाक मारली. अक्का लगेच आल्या. पलीकडून त्यांचं कुलूप खटकन उघडल्याचं ऐकलं. मग त्यांचा आवाज आला, एकदम हळू. “सुधा, तुझी किल्ली कुठे आहे?”

माझी किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या खांद्याला होती. मी आत होते.

किल्ली दाराखालून सरकवायचा प्रयत्न केला. रबर. फोनला रेंज नव्हती. शेजारचं कुटुंब गावाला गेलं होतं. मी गाडीच्या उघड्या दारात पाय देऊन दांडीपर्यंत हात पोहोचवला, तार बोटांनी सोडवायला गेले, बोट कापलं, तार हलली नाही. शटरखालून पाणी यायला लागलं होतं. त्याचा आवाज येत नव्हता, फक्त चपला जड झाल्या. मग साडीचा काठ जड झाला. डिझेल आणि गटाराचा वास. मुलांनो, मी शाळेत शिकवताना आयुष्यभर वर्गाला शिस्त लावली, पण त्या वेळी मला स्वतःच्या श्वासाला शिस्त लावता येईना. अक्का पलीकडून कुलपावर बत्ता घालत होत्या. ठाण, ठाण. आपल्याच हातांनी निवडून आणलेलं कुलूप. नंतर तोही आवाज थांबला.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. मला वाटलं त्या पडल्या. एक म्हातारी दाराच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला, आणि मध्ये एक कुलूप, असंच आम्ही लोकांना सापडणार, असं मनात आलं. पाणी गुडघ्याला लागलं.

तेवढ्यात मागच्या भिंतीतल्या झरोक्यातून आवाज आला. “सुधा. किल्ली इकडे दे.”

झरोका उंच, लोखंडी जाळीचा. त्याच्या पलीकडे घरामागचा बोळ, आणि बोळाच्या पलीकडे खाडी. मी गाडीच्या बॉनेटवर कशी चढले ते मला आजही सांगता येणार नाही. जाळीतून खाली पाहिलं. अक्का कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. डोळे गच्च मिटलेले.

“अक्का, तुम्ही पाण्यात आलात?”

“मग काय होडीत? सोड किल्ली.”

“टाकली तर पाण्यात जाईल.”

“मग बांध कशाला तरी. मी पाहत नाहीये, तूच बघ.”

मी औषधाच्या कापडी पिशवीची नाडी ओढून काढली, किल्लीला बांधली. माझे हात हलत होते. त्यांना ते न बघताच कळलं. “घाबरलीस?”

“हो.”

“बरं आहे. मी पण. हात थरथरला तर थरथरू दे. गाठ पक्की मार.”

किल्ली जाळीच्या चौकोनातून जेमतेम गेली. नाडी आखूड पडली. मी बोटाच्या टोकापर्यंत सोडली आणि त्यांनी काठी भिंतीला टेकवून, टाचा उंचावून, मिटल्या डोळ्यांनी हवेत हात फिरवला. दोनदा चुकल्या. मी वरून सांगत होते, डावीकडे, अजून डावीकडे. मग मूठ बंद झाली. “मिळाली,” म्हणाल्या, “आता सोड.” सोडताना मला वाटलं मी माझा जीवच सोडते आहे.

त्या परत गेल्या त्या वेळचं मी लिहीत नाही. पाणी वाढत होतं आणि बाहेरून काही ऐकू येत नव्हतं, एवढंच. मग कुलूप खटकलं. दार उघडलं. अक्का उंबऱ्यावर उभ्या, साडी चिखलाने काळी, हातात माझी किल्ली आणि तिची ओली नाडी. त्यांनी माझं मनगट धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. आम्ही वरच्या मजल्यावर जाऊन बसलो आणि खिडकीतून पाणी बघत राहिलो. अक्का म्हणाल्या, “दोन किल्ल्या बँकेत ठीक होत्या. तिथे आत नोटा असतात. नोटांना श्वास लागत नाही.”

पाणी उतरल्यावर त्यांनी पक्कड घेतली आणि स्टूल मागितलं. मी म्हटलं, इलेक्ट्रिशियनला बोलवू. “बांधायला मी सांगितलं, सोडायला पण मीच,” म्हणाल्या. या वेळी मी स्टूल धरलं. त्यांनी दांडीची तार तोडली आणि नवी दोरी लावली, लाल, मुठीला जाड गाठ मारलेली. आतल्या दाराची कुलपं काढली आणि कड्याही काढल्या. भिंतीत स्क्रूची भोकं राहिली. त्यांनी ती बुजवू दिली नाहीत. घाबरणं मात्र सोडलं नाही. पूर्वी त्या कुणाच्याही घरी गेल्या की आत कोण येऊ शकतं ते पाहायच्या, आता बाहेर कसं पडायचं ते पाहायला लागल्या. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून मला गॅरेजमध्ये पाठवायच्या आणि स्वतः बाहेर उभ्या राहून म्हणायच्या, “वीज गेली. पाणी आलं. मी मेले. आता बाहेर ये.” मी दोरी ओढायची, शटर हाताने उचलायची आणि बाहेर यायची. त्या घड्याळाकडे बघून नाक मुरडायच्या. “फार सावकाश. मी खरंच मेले असते.”

दोन हिवाळ्यांनंतर त्या गेल्या, दवाखान्यात, न्यूमोनियाने. शेवटच्या दिवशी नर्सने दार लोटलं तर त्यांनी हाताने खूण केली, उघडं ठेव. मला म्हणाल्या, “सुधा, तू घरी एकटी असशील. रिमोट उशाला ठेव, पण त्याच्यावर विसंबू नकोस.” मी हो म्हटलं. त्यांना झोप लागली. मी दाराकडे तोंड करून बसले, आणि त्या मला दिसत राहाव्यात म्हणून खुर्ची थोडी तिरकी केली.

इरा, तुमच्या गॅरेजमध्ये मोटरला दोरी असेल. बाबाला विचार आणि वीज बंद करून, बाबा समोर असताना, ती एकदा ओढून बघ. ओम, तू दाराखालून पळू नकोस. मी अक्कांच्या वतीने सांगते आहे, आणि त्या सबबी ऐकून घेत नसत.

माझी भीती गेलेली नाही. पावसाळा आला की ती पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर असते. पण दर महिन्याला मी मेन स्विच बंद करते आणि गॅरेजमध्ये जाते. बाहेर आता कुणी उभं नसतं. मी दोरी ओढते. शटर जड झालंय आणि मी म्हातारी झालेय. तरी ते उचललं जातं.